भर उन्हात अडकलेली खुर्ची

तीर्थस्वरूप दादा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (दचकू नका. मोबाइलवर मी तुम्हाला नुसता अंगठा पाठवतो हे खरे, पण पत्रात माणसाने रीत सोडू नये.) इकडे तुमची बहीण खुशाल, आणि तिच्या कृपेने मीही. वहिनींचा गुडघा काय म्हणतो? बाइंडिंगच्या दुकानात गिऱ्हाईक बरे आहे ना? आणि आमचा तो जुना इन्व्हर्टर, त्याची तब्येत कशी आहे? बॅटरीत वेळेवर पाणी घालता ना? आपले सहज विचारले.

आम्ही गच्चीवर सोलर बसवले हे ज्याला ठाऊक नाही असा एकही नातेवाईक मी शिल्लक ठेवलेला नाही. तेव्हापासून घराची तऱ्हाच बदलली. कपडे धुणे, इस्त्री, मिक्सर, सगळे ऊन बघून. संध्याकाळी कोणी इस्त्रीला हात लावला की मी दारात हजर. एखादा ढग आला की तो मुद्दाम आमच्याच घरावरून चाललाय असे वाटते. दोन पेशंटच्या मधल्या वेळात वर जाऊन पॅनल पुसून येतो. (तुमची बहीण म्हणते, ह्या माणसाने लग्नानंतर घरातले टेबल कधी पुसले नाही.) पण खोटे कशाला बोलू, यंत्र गुणी आहे. खाली दातांचा दवाखाना, वर घर, दोन्ही चालवून वर वीज उरते, ती बाहेरच्या तारांत जाते. बिल आले की मी ते गाणे ऐकावे तसे पुन्हा पुन्हा वाचतो.

चूक झाली ती भाषणाची. पॅनल बसले त्या दिवशी अख्ख्या गल्लीला गच्चीवर चहाला बोलावले आणि जाहीर करून बसलो, की यापुढे वीज गेली तर खुशाल आमच्याकडे या, आमच्याकडे सूर्य आहे. समोरचे निवृत्त हिशेबतपासनीस (गल्लीत त्यांना शंकासुर म्हणतात, आयुष्यभर दुसऱ्याच्या कागदांत खोट काढल्यावर माणसाचे असेच होते) तेवढे म्हणाले, "खरंच चालेल का हो?" मी नुसते आभाळाकडे बोट दाखवले.

गेल्या मंगळवारी भर दुपारी हेच शंकासुर माझ्या खुर्चीत होते. खुर्ची पार वर नेलेली, तोंडात कापूस, दाढ अर्धी कोरलेली, आणि वीज गेली. दिवा गेला, ड्रिल गेले, खुर्ची आहे तिथेच थांबली. बाहेर डोळे दिपतील असे ऊन, आणि आत मी चाचपडतोय! शंकासुरांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच शंका आली आणि बोलता येईना. त्यांनी झोपल्या झोपल्या फक्त एक बोट वर केले, आभाळाकडे. तेवढ्यात माझ्या शब्दाला मान देऊन गल्ली आली. कोणी मोबाइल घेऊन, कोणी लॅपटॉप, शिंपीणबाई तर इस्त्री आणि ब्लाउजांचे गाठोडे घेऊन. सगळे अंधाऱ्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसले आणि माझ्याकडे बघू लागले.

तुमच्या बहिणीने पॅनलवाल्याला फोन लावला, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा. तो म्हणाला, बाहेरची वीज गेली की तुमचे यंत्रही आपोआप बंद पडते, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्याच विजेचा झटका बसेल. वीज गेल्यावर चालायला बॅटरी लागते, ती तुम्ही नको म्हणालात. (म्हणालो असेन. तेव्हा मी त्याला सूर्याचे महत्त्व समजावून सांगत होतो.) थोडक्यात, वीज असताना वीज देण्यात आमच्या सोलरचा हात कोणी धरणार नाही. शेवटी पॅनल पुसायची शिडी खाली आणली आणि शंकासुरांना खुर्चीवरून उतरवले. लाज वाटली हो दादा. फार वाटली.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
बहिणीचा नवरा

ता. क. : तो इन्व्हर्टर परत पाठवता का? देताना मी त्याला डबडे म्हणालो होतो, ते लाडाने. तुमचे काम हाताचे, पुठ्ठ्याला कुठे वीज लागते?

ता. क. दुसरा : जरा घाई करा. शंकासुर स्वतःच्या गच्चीवर सोलर बसवताहेत, बॅटरीसकट. आता गल्ली त्यांच्याकडे जाणार. वर म्हणतात, उरलेली दाढ कोरायची तर खुर्ची आमच्या घरी आणा.

ता. क. तिसरा : दादा, मी लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय. इन्व्हर्टर मुळीच पाठवू नकोस. तुझ्या दुकानात दिवसासुद्धा दिवा लागतो, हे ह्यांना नसलं तरी मला माहीत आहे. पॅनलवाला सोमवारी येऊन आमच्याकडे बॅटरी जोडून जाणार आहे, मी परस्पर ठरवलंय. ह्यांना आधीच सांगितलं असतं, पण मग ह्यांनी हे पत्र कुठलं लिहिलं असतं? लग्नाला इतकी वर्षं झाली, तुला तीर्थस्वरूप म्हणायला ह्यांची वीज जावी लागली. पत्राला चांगला जाड पुठ्ठा घालून ठेव.