लीन पाळकांचा पाट

गोंदिया,
ता. १८ ऑक्टोबर १९५४

चि. शांतवन यास मार्थाताईचे अनेक आशीर्वाद व प्रभूच्या नावाने सलाम, वि. वि.

तीन वर्षांत तुला नुसती कार्डं लिहिली. कार्डावर सर्व क्षेम यापलीकडे काय लिहिणार? आपला पोस्टमन चुन्नीलाल गल्लीतलं प्रत्येक कार्ड वाचतो आणि देताना उत्तर काय लिहावं तेही सुचवतो. म्हणून हे पाकीट पॅसेंजरवरच्या मुन्नालाल गार्डाच्या हाती देते आहे. तो तुमच्या दरेकशावरून रोज जातो, आणि त्याला मराठी वाचता येत नाही हा त्याचा मोठा गुण.

बाबांचा मोतीबिंदू वाढला आहे. आता त्यांना उजेड आणि माणसाची सावली एवढंच कळतं. पत्रं मीच वाचून दाखवते. त्यातूनच माझ्या हातून एक पाप घडलं आहे, आणि ते सांगायला मला तुझ्याशिवाय कोणी नाही.

तू घर सोडलंस त्याच वर्षी पावसाळ्यात मिशनच्या हॅना मिसबाई आपल्याकडे आठ दिवस उतरल्या होत्या. चीनमधून त्यांना तिथल्या सरकारने घालवून दिलं होतं. तिथल्या लीन नावाच्या पाळकांना उपासना चालवली म्हणून कैदेत टाकलं, घरी बायको आणि लहान मुलगी आहे, असं त्या रडत सांगत होत्या. बाबांनी त्या संध्याकाळीच प्रार्थनेच्या वहीत लीन पाळकांचं नाव लिहिलं आणि चटईशेजारी एक पाट मांडायला लावला. तो माणूस सुटेपर्यंत या घरात त्याची जागा राखायची, असं ठरलं. तेव्हापासून दिवा लागला की बाबा त्या पाटाकडे तोंड करून उभे राहतात. प्रभू, त्याचं दार उघड, त्याला त्याच्या माणसांत आण, असं म्हणताना त्यांचा गळा भरून येतो. ताप असो की पाहुणे, एक संध्याकाळ चुकलेली नाही.

गेल्या आठवड्यात मिसबाईंचं पत्र आलं. लीन पाळक कैदेतच वारले. कधी, तर दोन हिवाळ्यांपूर्वी! मिसबाईंनाच ते आता कळलं.

बाबा समोर कान देऊन बसले होते. मिसबाई बऱ्या आहेत, सर्वांना सलाम सांगितला आहे, प्रार्थना चालू ठेवा म्हणतात, असं मी सांगून मोकळी झाले. आपल्या मंडळीत मेलेल्यासाठी प्रार्थना करीत नाहीत. माणूस देवाच्या हाती गेला की आपलं मागणं संपलं, हे बाबांनीच आपल्याला शिकवलं. विधवा पुष्पाबाईंनी नवऱ्याच्या शांतीसाठी सभेत प्रार्थना केली तेव्हा मंडळीचे वडील-पंच म्हणून बाबांनी तिला सर्वांदेखत थांबवलं होतं. आणि आता रोज मी डोळे मिटून मेलेल्या माणसाच्या सुटकेला आमेन म्हणते. सांगितलं तर बाबा खचतील. नाही सांगितलं तर मी काय आहे ते मला कळतं. तू सांग, काय करू?

मुन्नालाल म्हणाला की वच्छलेला दिवस आहेत. हे मला गार्डाकडून कळावं? तिला माझा सलाम सांग, आणि जड उचलू देऊ नकोस. लोभ आहेच, पण पत्राने तो दाखवत जा.

तुझी,
मार्थाताई


दरेकसा,
ता. २५ ऑक्टोबर १९५४

ती. मार्थाताईस शांतवनचा सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र पोहोचलं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला. तुझा नाही.

चीनमधल्या माणसाला आपल्या घरात पाट आहे, हे वाचून मला हसावं की काय कळेना. वच्छलेशी मी कचेरीत लग्न केलं तेव्हा मंडळीतून माझं नाव काढायला पहिला हात बाबांचाच वर गेला होता. त्याच संध्याकाळी प्रार्थनेच्या वहीतल्या माझ्या नावावर त्यांनी रेघ ओढली आणि वहीत नाही ते नाव घरात घ्यायचं नाही असं बजावलं. मी दारात उभा होतो, मी पाहिलं. मी काही देव सोडला नव्हता, फक्त नागऱ्याच्या भोजराज पाटलांची मुलगी केली होती. इथून गोंदिया दोन तासांवर आहे. बाबांची प्रार्थना हिमालय ओलांडून जाते, आणि दरेकशाच्या बोगद्यापाशी अडते.

तिच्या माहेरीही तेच. भोजराज पाटलांनी मुलगी मेली म्हणून सांगितलं आहे. तेव्हा आम्ही दोघं दोन्हीकडचे मेलेले, आणि या जंगलात तारबाबूच्या क्वार्टरात मजेत आहोत. बाबांनी तुला बायबलातल्या राबणाऱ्या मार्थेचं नाव ठेवलं आणि जन्मभर चुलीशी बांधलं. माझं नाव शांतवन ठेवलं, त्याचा काय उपयोग झाला ते तू पाहतेसच.

तुझा प्रश्न मी वच्छलेला वाचून दाखवला. ती फटकन म्हणाली की डोळ्याने दिसत नाही त्या माणसाला कानानेही आंधळं कायले करून राहिल्या ताई? मला यापेक्षा बरं उत्तर सुचत नाही. सांगून टाक.

आणखी एक. तुझं पत्र आल्यापासून ती संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावते तेव्हा त्या चिनी मुलीसाठी हात जोडते. बाप गेला, आता पोरीचं कोण पाहत असेल, म्हणते. तिच्या देवाला चीन कुठे आहे ते माहीत असावं.

तिला नववा महिना डिसेंबरात लागेल. तू बाळंतपणाला आली असतीस तर बरं होतं. पण बाबांना काय सांगून येशील? राहू दे. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
शांतवन


गोंदिया,
ता. १६ नोव्हेंबर १९५४

चि. शांतवन यास अनेक आशीर्वाद व सलाम, वि. वि.

सांगितलं. रविवारी उपासनेहून आल्यावर पत्र पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं आणि मी खोटं बोलले तेही सांगितलं. मला वाटलं बाबा रागावतील. रागावले असते तर मी सुटले असते. त्यांनी फक्त तारीख पुन्हा वाचायला लावली. मग मिसबाईंचा कागद हातात घेऊन कितीतरी वेळ बोटांनी चाचपत बसले.

त्या संध्याकाळी दिवा लागला आणि बाबा उठले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. नऊ दिवस झाले, आपल्या घरात प्रार्थना नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा असं झालं नव्हतं. मी एकटी गुडघे टेकते, पण शब्द येत नाहीत, कान त्यांच्या काठीकडे असतो. अंगणात विहिरीपासून फाटकापर्यंत येरझारा चालू असतात. जेवण निम्मं टाकतात. मला विचारतात की दोन वर्षं जे मागितलं ते कुठे गेलं असेल? मी काय सांगणार? मी तिसरीच्या मुलींना पाढे शिकवणारी बाई.

काल सकाळी त्यांनी मला पुष्पाबाईंकडे न्यायला सांगितलं. तिथे अंगणातच उभे राहून म्हणाले की तेव्हा मी तुम्हाला चारचौघांत थांबवलं, मला माफ करा. पुष्पाबाई बिचाऱ्या घाबरून गेल्या. मास्तर, तुमी असे काऊन बोलून राहिले, म्हणून रडू लागल्या. बाबा म्हणाले की तुमचं माणूस मेलं होतं आणि ते तुम्हाला ठाऊक होतं, माझं तर मला तेही ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर मी पाट उचलून भिंतीला लावायला गेले. आता त्याचं काय काम? तर बाबा असे ओरडले की शेजारची धुरपता धान पाखडायचं सोडून कुंपणाशी आली. पाटाला हात लावायचा नाही म्हणाले. तेव्हा पाट तिथेच आहे, आणि मी त्याला वळसा घालून झाडते.

तुझं नाव मी घेऊ का त्यांच्यापुढे? रोज ओठांवर येतं आणि मी गिळते. तुझी बहीण फार भित्री आहे रे. वच्छलेची प्रकृती कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मार्थाताई


दरेकसा,
ता. ६ डिसेंबर १९५४

ती. ताईस सप्रेम सलाम.

घाईत लिहितो. वच्छलेचे पाय सुजले आहेत, चेहराही. दोन दिवस डोकं धरून पडून आहे आणि डोळ्यांपुढे ठिणग्या दिसतात म्हणते. इथली सुईण चांगली आहे, शंभर पोरं काढली तिने, पण कालपासून तीच म्हणते की बाबू, हे माझ्या हातचं नाही, गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जा. दवाखान्यात बाळंतपणाच्या दिवशी घेतील, पण तोपर्यंत हिला जवळच कुठेतरी ठेवायला हवं. नागऱ्याला तिच्या आईकडे निरोप पाठवला होता. निरोप नेणाऱ्याला पाणीही विचारलं नाही.

ताई, मी दिवसभर लोकांच्या तारा पाठवतो. माल सुटला, आजी वारली, ताबडतोब या. कोणाचंही म्हणणं मी आठ शब्दांत बसवतो. कालपासून बाबांना तार लिहितो आहे आणि फाडतो आहे. मी काय मागू? ज्या घरात माझं नाव घेत नाहीत तिथे मी हिला कोणत्या नावाने घेऊन येऊ? बोलावल्याशिवाय मी त्या फाटकात पाय ठेवणार नाही, हे मी ठरवलं होतं. आज सकाळी तिच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. आता मला माझ्या ठरवण्याचीच भीती वाटते.

भाड्याची खोली मिळते का पाहा. नाहीतर काय करायचं ते तू सांग.

शांतवन


गोंदिया,
ता. ८ डिसेंबर १९५४

चि. शांतवन यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

खोली पाहिली नाही. तुझं पत्र घेतलं आणि बाबांपुढे बसून मोठ्याने वाचलं. तुझी आधीचीही पत्रं वाचली, बोगद्याचं ते वाक्यसुद्धा, आणि वच्छलेने चिनी पोरीसाठी हात जोडले तेही. एक शब्द गाळला नाही. या घरात गाळून वाचण्याचं पुरे झालं.

वाचून झालं. बाबा उठले, चाचपडत पाटापाशी गेले आणि खाली बसून त्यांनी तो उलटा केला. मागच्या बाजूला बोट फिरवत एका जागी थांबले आणि माझा हात धरून तिथे लावला. तू सातवीत असताना सुतारकामाच्या तासाला केलेला पाट, शांतवन. खाली चाकूने तुझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं. मी तीन वर्षं तो झाडून-पुसून मांडत आले आणि एकदाही उलटा करून पाहिला नाही.

बाबा म्हणाले की हा कोणाचा पाट ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तू गेल्यावर तो पाट रिकामा पाहवेना आणि उचलवेनाही. आपल्याच हाताने रेघ ओढली होती, ती पुसायला तोंड नव्हतं. मिसबाईंनी लीन पाळकांचं सांगितलं तेव्हा त्यांना त्या जागी बसवलं, म्हणजे त्या पाटाकडे पाहून रडायची सोय झाली. दार उघड, त्याला त्याच्या माणसांत आण, हे कोणासाठी म्हणत होतो ते देवाला कळत असेल, मला मात्र कबूल करवलं नाही, म्हणाले. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ते खूप रडले. मीही रडले. आपले बाबा असे कधी रडले नव्हते रे.

काल संध्याकाळी घरात प्रार्थना झाली. वहीत लीन पाळकांच्या बायकोचं आणि मुलीचं नाव मला लिहायला लावलं. त्याखाली वच्छलेचं, मग तुझं. आज सकाळी बाबा आपल्या पाळकसाहेबांकडे जाऊन सांगून आले की तेव्हा वर केलेला हात मी खाली घेतो, मंडळीला पुढे काय करायचं ते मंडळीने ठरवावं.

डॉक्टरीणबाईंना मी भेटले, त्या म्हणाल्या आणायला उशीर करू नका. समोरची खोली सारवून ठेवली आहे. खाली बाबा स्वतः लिहीत आहेत, मला हात लावू देत नाहीत. ओळी एकमेकींवर चढल्या तर सावकाश लाव. तुमची वाट पाहणारी,

मार्थाताई

चि. शांतवन यास ईश्वरदासाचे अनेक आशीर्वाद. मला दिसत नाही, अक्षर समजून घे. मी चुकलो. ज्याच्यासाठी जगभर दार ठोठावलं त्याला मीच बाहेर ठेवलं होतं. उद्याच्या पॅसेंजरने वच्छलेला घेऊन ये. मी स्टेशनवर उभा असेन, तू हाक मार, म्हणजे मला कळेल. तुझा पाट तुझ्या जागी आहे. दुधराम सुताराला आणखी दोन सांगितले आहेत. त्यातला एक लहान.