हिच्या वाफ्यातला गड्डा

२ मार्च
काल जेवताना चिरंजीवांनी जाहीर केलं की मागच्या अंगणात फरशी घालायची. गाडी तिथे लावायची. म्हणजे हिचा वाफाही फरशीखाली! म्हटलं, त्या वाफ्याने बावीस वर्षं या घराला भाजी दिली. तर म्हणतो, बाबा, ते आई होती तोवर. ती गेल्याला तीन वर्षं झाली, आता तिथे फक्त तुमची खुर्ची उगवते.

बापाशी बोलायची ही तऱ्हा.

शेवटी सूनबाई मध्ये पडली. नोव्हेंबरपर्यंत थांबू या म्हणाली. बाबांनी त्या वाफ्यातून घरादाराला एक वेळ पुरेल एवढी भाजी काढून दाखवली तर वाफा राहील, नाहीतर खुशाल फरशीवाल्याला बोलवा. मी ताबडतोब कबूल. मुळा, पालक तर हीसुद्धा लावायची. ते कोणालाही येतं. मी सेलेरिॲक लावणार. सेलरीचाच भाऊ, पण याचा जमिनीतला गड्डा खायचा. सात वर्षांचा असताना सुट्टीत आत्याकडे त्याचं सूप प्यायलो होतो. चौसष्ट वर्षं झाली, तो सुगंध अजून नाकात आहे. आत्याचं स्वयंपाकघर, ती हिरवी खिडकी, आणि वाटीतून निघणारी वाफ! आज असलं काही राहिलंच नाही जगात.

चिरंजीवांनी फोनवर गड्ड्याचा फोटो पाहिला आणि विचारलं, ही भाजी आहे की आजार?

७ मार्च
बी आलं. बी कसलं, तपकीर! शिंक आली आणि अर्धं पाकीट गेलं. पाकिटावर सूचना: बी मातीवर नुसतं पसरा, झाकू नका. किती निर्दय लोक. पांघरुणाशिवाय कोणाला झोप लागते? दोन बोटं माती घातली.

२९ मार्च
काही नाही. बियाण्याच्या कंपन्या सगळ्या चोर.

शेजारचा सर्व्हेअर कुंपणावरून डोकावला. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी खिशात टेप असतोच. म्हणाला, कविराज, या बीला उजेड लागतो, माती काढा. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, त्याला काय कळतं बीचं मन? दुपारी वरची माती खरवडून टाकली. त्याने सांगितलं म्हणून नव्हे. कुंडीला जरा हवा लागावी म्हणून.

१२ एप्रिल, पहाटे
चौदा कोंब!!
याला कारण कविता. गेले आठ दिवस रोज सकाळी कुंडीजवळ उभं राहून चौथीच्या पुस्तकातली पाखरांची कविता चालीवर म्हणतोय. आमचे गुरुजी म्हणायचे, कवितेने दगडाला पाझर फुटतो. स्वतःचीही एक सुरू केली आहे:
मातीच्या मऊ गादीवरती निजला माझा गड्डा
पुढची ओळ सुचत नाही. यमक जुळतं ते फक्त 'खड्डा'शी. बघू.

२० मे
लावणी. बारा रोपं वाफ्यात. उरलेली दोन अगदीच किरटी, चारित्र्य नसलेली. वाफ्याच्या कोपऱ्यात हिचा पालापाचोळ्याचा ढीग आहे, त्यावर फेकून दिली.

बारा जणांना मानेपर्यंत मातीत नीट गुंडाळलं. सूनबाई म्हणाली, बाबा, मान वर ठेवायची असं लिहिलंय पाकिटावर, नाहीतर गड्डा धरत नाही. तिला सांगितलं, छत्तीस वर्षं पार्सल ऑफिसात काढली आहेत, पॅकिंग मला शिकवू नकोस. हसली. हिच्यासारखीच हसते, तोंडावर पदर असल्यासारखी. पदर नसतो.

१३ जून
गोगलगायी. बिनशंखाच्या. ओल्या, लांबट, जणू कोणाचं तरी नाक चालत सुटलंय. शी! एक चप्पलेखाली आली. त्यात हलगर्जीपणाने (बाटलीच्या कंपनीच्या) माशांच्या खताची बाटली पायावर सांडली. दोनदा आंघोळ केली. तरी चिरंजीव ताट उचलून दुसऱ्या खोलीत जेवायला गेला.

कविता सोडली नाही. पण पाखरांच्या ओळी म्हणताना तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की तो वास आत जातो. यापुढे मनात म्हणायची.

९ जुलै
गड्डा धरतोय का ते कळायला मार्ग नाही. म्हणून दर रविवारी प्रत्येक रोप हळूच उपटून, पाहून, परत लावतो. पार्सल संशयास्पद वाटलं तर उघडून पाहायचं हा आमचा नियमच होता. खाली नुसत्या दाढ्या. धीर धरला पाहिजे. पुढचा रविवार.

सर्व्हेअर म्हणाला, अहो कविराज, तुम्हाला कोणी दर रविवारी बिछान्यातून उपटून वजन केलं तर तुम्ही तरी भराल का? पाणचट विनोद. त्याच्याशी बोलणं बंद.

२४ ऑगस्ट
ताईकडे नऊ दिवस राहून आलो. जुन्या आठवणी निघाल्या. शाळा, पाटी, आत्याचं घर. सेलेरिॲकचा विषय काढला तेव्हा ताई माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत राहिली. सत्त्याहत्तर वय, विसरते हल्ली.

परत येऊन पाहतो तर बारांतले सात गेलेले. वाळून दोरा! पाणी घालायला कोणाला सांगितलं नव्हतं हे खरं, पण निघताना आभाळ भरलेलं होतं. आभाळाच्याही शब्दाला आता किंमत नाही. सूनबाई म्हणते, मला एक फोन करायचा ना बाबा, मी रोज भांडी विसळलेलं पाणी त्या ढिगावर ओततेच की, दोन पावलं पुढे ओतलं असतं. आता काय उपयोग? आणि आपल्या माणसांच्या खरकट्यावर का वाढणार माझी रोपं?

१५ सप्टेंबर
पाचांपैकी तिघांना फुलं! पांढरी, छत्रीसारखी. अंगणात बराच वेळ उभा राहिलो. हिला दाखवायला हवी होती.

संध्याकाळी सर्व्हेअरने (बोलणं बंद असताना) कुंपणावरून सांगितलं, फुलं आली म्हणजे संपलं, आता गड्डा लाकूड होणार. याचं तोंड बघितलं तरी अन्न गोड लागत नाही.

१९ ऑक्टोबर
फरशीवाला येऊन गेला. पान खाल्ल्यासारखं तोंड हलवत हिच्या वाफ्यात बुटाने रेघ मारली. टेप कोणाचा? सर्व्हेअरचा! हा स्वतः दुसरं टोक धरून उभा. अंगणाचा नकाशाच काढून दिला. फरशीचा रंग विचारला तर चिरंजीव म्हणतो, राखाडी. चहा तसाच टाकून उठलो.

८ नोव्हेंबर
खणलं.
तीन लाकडं. एक कुजका, आत किडे, त्याचं वर्णन करत नाही. एक चांगला. लिंबाएवढा. त्यालाही खालून पन्नास मुळं, जणू म्हाताऱ्याच्या कानातले केस. जवळपास माझाच कान.

परवा ताई जेवायला येणार. तिच्यासमोर या लिंबाचं सूप? माणसं चार. चिरंजीव फोनमध्ये फरशीवाल्याचा नंबर शोधत होता.

जमीन खराब. बी खराब. काळच खराब. कवितेची दुसरी ओळ सुचली: वाफ्यामधि त्या उरला केवळ हातभराचा खड्डा. लिहून खोडली.

९ नोव्हेंबर
सूनबाईने हाक मारली. बाबा, अहो बाहेर या, हे काय आहे बघा. ढिगावर, पाचोळ्यात अर्धा वर आलेला, चांगला फुटबॉलएवढा गड्डा! मे महिन्यात फेकलेल्या किरट्यांपैकी एक. ना पांघरूण, ना कविता, ना तपासणी. नुसतं खरकटं पाणी.

याला वशिला म्हणतात.

चिरंजीव म्हणाला, ढीग म्हणजे वाफा नव्हे, अट वाफ्याची होती. तेवढ्यात कुंपणावरून सर्व्हेअर उडी मारून आला, या वयात! नकाशा उलगडला, टेप लावला, गुडघ्यावर बसून दोनदा मोजलं. मग म्हणाला, हा ढीग वहिनींच्या वाफ्याच्या हद्दीत पूर्ण हातभर आत आहे, कोणत्याही कोर्टात चला. त्याच्याशी बोलणं पुन्हा सुरू.

वाफा वाचला. मी आधीपासून म्हणत होतो, माझ्या हातची रोपं आहेत.

१० नोव्हेंबर, दुपारी
ताई आली. सूनबाईने सूप केलं. मी मधल्या खुर्चीवर. वाटी समोर आली, वाफ नाकात गेली आणि चौसष्ट वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर जसंच्या तसं उभं राहिलं. आत्या. हिरवी खिडकी. आणि मळमळ.

शी! ओल्या तळघरात कोणीतरी बडीशेप विसरून गेल्यासारखी चव. सगळे माझ्याकडे बघत होते. म्हटलं, वा.

ताईने चमचा खाली ठेवला. अरे, तू हे पितोस? आत्याने वाटी ठेवली की तू नाक दाबून खिडकीबाहेर ओतायचास. खिडकीखालची तिची झाडं माडासारखी वाढली होती त्यावर. मी तुझ्यासाठी मार खाल्लाय एकदा! म्हटलं, ताई, तो दुसरा कोणीतरी असेल. म्हणाली, हो का, तुला अजून एक भाऊ होता वाटतं.

चिरंजीवांनी उठून फरशीवाल्याला फोन केला. नको म्हणून सांगितलं. परत येऊन बसला. म्हणाला, आईला आवडलं असतं, बाबा. मी म्हटलं, हो. खरंच आवडलं असतं.

सूनबाई म्हणाली, बाबांना एवढं आवडतंय, तर पुढच्या वर्षी अख्ख्या वाफ्यात हेच लावू. मी बघेन पाण्याचं, बाबांनी नुसतं खायचं. चिरंजीव म्हणाला, ठरलं. आणि स्वतःच्या हाताने माझ्या वाटीत दुसरं वाढलं. काठोकाठ. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने मला काही वाढलं.

मी खिडकीकडे पाहिलं. थंडी आहे म्हणून सूनबाईने ती सकाळीच लावून घेतली होती.