बांधलेल्या नसा

३ मार्च
आजपासून मी या घरची! चाळिशी उलटल्यावर नवी नवरी, माझं मलाच हसू येतं. घर यांच्या बेकरीच्या वर, खाली भट्टी, त्यामुळे फरशी कायम कोमट. दिवसभर अनवाणीच हिंडले. नणंदेनं अर्धं कपाट रिकामं करून ठेवलं होतं. उरलेल्या अर्ध्यात तिचा भाऊ मावेल का, म्हणाली. यांनी लग्नाआधीच सगळं सांगितलंय. जुन्या काविळीनं यकृत निकामी होत गेलं, अन्ननलिकेतल्या नसा फुगून एकदा फुटल्या. दुर्बिणीतून रबरी कड्या घालून त्या बांधल्या. आता काही नाही म्हणतात.

१९ मार्च
नणंद बोलून गेली, तपासणीची तारीख केव्हाच टळली. यांना विचारलं तर म्हणाले, ठणठणीत माणसानं नळी कशाला गिळायची? गोळ्याही बंद केल्यात. त्या घेतल्या की भट्टीपाशी गळून जायला होतं म्हणे.

२ एप्रिल
एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, नसा बांधल्या तरी यकृतातली वाट तुंबलेलीच. रक्त आडवाटेनं घुसतं, नसा पुन्हा फुगतात. दुखत नाही, खुपत नाही. फुटल्यावरच कळतं.
घरी आले. हे पीठ मळत गिऱ्हाइकाची थट्टा करत होते. मी नुसती गळ्याकडे बघत राहिले.

११ एप्रिल
संडासात डांबरासारखं काळं दिसलं, आत फुटलेलं रक्त. आत्ताच्या आत्ता चला म्हटलं. हे चिडले, ओरडले, मग भिंत धरून खाली बसले—

१३ एप्रिल
वाचले. रक्त चढवलं, पुन्हा कड्या. आता सगळं ऐकीन म्हणाले. लहान मुलासारखे.

८ जून
खरंच ऐकतात. गोळी चुकत नाही, तपासणी चुकत नाही. तरी आज दुर्बिणीत पुन्हा नसा. नव्या.
नणंदेनं विचारलं, आमचं कुठं चुकलं? कुठंच नाही, म्हणाल्या डॉक्टरीणबाई.
चुकलं असतं तर बरं झालं असतं. सुधारता आलं असतं.

९ जून
परवा बांधायच्यात. घास गिळताना हे थांबतात. मीही—

१० जून
यांना सकाळपासून मळमळ. दवाखान्याची गाडी बोलावलीय, नणंद रस्त्यावर उभी. गाडी येईपर्यंत यांच्याजवळ बसून लिहितेय.
तोंडात खारट लागतंय म्हणाले. हळूच, पाणी मागावं तसं म्हणाले, “अगं, जरा भांडं आण.”
मी उठ—