गुरुवारची पाळी

सायखेडा,
सोमवार, ३ मार्च २००८

प्रिय ज्ञानेश,

अनेक आशीर्वाद. दिवाळीतला तुझा दूरध्वनी चार मिनिटांत संपला. प्रकृती उत्तम आहे, एवढेच सांगता आले. ती आजही उत्तम आहे, गुडघे वगळता. लिहिण्याचे कारण निराळे आहे. ते यथाक्रम येईल.

गेल्या महिन्यात तुझ्याच व्यवसायातली माणसे आपल्या गावी आली. झुंबर जमीन विकतो आहे; त्याच्या अकरा एकरांवर त्यांना डेटा सेंटर उभारायचे आहे. हे प्रकरण काय असते ते मी समजावून सांगावे, असे ग्रामसभेत ठरले. कारण गुरुजींचा मुलगा बंगळूरला तेच काम करतो. मला ठाऊक होते ते तुझ्या पहिल्या पत्रातले : थंडगार दालन, रांगेने मांडलेली कपाटे, त्यांत अहोरात्र चालणारी यंत्रे, आणि भर वैशाखात स्वेटर घालून त्यांच्यामधून हिंडणारा तू. शेजारच्या फुलाबाईने विचारले, "म्हंजी द्राक्षाचं कोल्ड स्टोरेजच की, गुरुजी. पर आत माल काय?" मी म्हणालो, माहिती. "मंग ती काय नासती का, गार ठेवायला?" सभा हसली. तू असतास तर उत्तर दिले असतेस, हा विचार त्या दिवशी आला आणि मग गेलाच नाही.

ते पत्र १९९८ सालचे. मी ते लाल शाईने तपासून तुला परत पाठवले होते. चुका होत्या, हे खरे. त्यानंतर तुझे पत्र आले नाही, हेही खरे. मजकूर मला पाठ आहे. प्रत मात्र माझ्याकडे नाही.

गावाच्या शंका मी सुवाच्य अक्षरांत लिहून काढल्या. सतरा झाल्या. शनिवारी कंपनीचा अधिकारी शाळेत येऊन बसला. तरुण, पण बोलण्यात अदब होती. जनरेटरच्या आवाजाचे काय? भिंती जाड बांधू. आमच्याकडे बारा तास भारनियमन, मग तुमच्याकडे वीज कशी? स्वतंत्र वाहिनी टाकू. पाण्याशी मात्र तो अडखळला. यंत्रे गार ठेवण्यास पाणी लागते. नदीची परवानगी मिळेपर्यंत सामाईक विहिरीचे दोन वार द्या, म्हणाला.

विहिरीची रीत तुला आठवत असेल. सात वाटेकरी, सात वार. पाळी उसनी द्यावी, विकू नये. झुंबरचा सोमवार जमिनीबरोबर जाणारच होता. दुसरा वार त्यांनी आपला मागितला. तुझी आई गेल्यापासून मी शेत कसत नाही. तिच्या मोगऱ्याला अर्धा तास पाणी देतो. उरलेला गुरुवार फुलाबाईच्या मिरचीला उसना जातो. तिचा स्वतःचा वार एकच, आणि तेवढ्यावर तिची मिरची उन्हाळा काढत नाही. तरीही सगळे म्हणाले, गुरुजी ठरवतील ते खरे.

तेव्हा मी उभा राहिलो आणि यादीत नसलेला प्रश्न विचारला : हेच काम दहा वर्षे केलेला, पस्तिशी ओलांडलेला, याच गावचा माणूस येथे घेतला जाईल काय? अधिकारी खूश झाला. असाच माणूस हवा, येथे राहायला कोणी तयार होत नाही, म्हणाला. मागून विहिरीचा एक वाटेकरी, कारभारी, पुटपुटला, "सतरा गावाचे, अठरावा घरचा." त्याला मी उत्तर दिले असते, पण फुलाबाई त्याच्यावरच खेकसली, "इचारू दे की! लेकासाठी कोण नाय इचारत?" तिचा तो टोमणा नव्हता, ज्ञानेश. टोमणा असता तर सोपे गेले असते.

नाशिक रोडच्या फलाटावर तू म्हणाला होतास, "तात्या, माझ्या कामाचं इथं आहे काय?" दहा वर्षे मी त्याचे उत्तर शोधत होतो, आणि ते झुंबरच्या बांधावर येऊन उभे राहिले होते. परवा सायंकाळपासून काल दिवस मावळेपर्यंत माझ्या लेखी तू येथेच राहत होतास. दुपारी जेवायला घरी येत होतास, स्वेटर खुंटीला अडकवत होतास. मी माळ्यावरून तुझी खाट उतरवली, तिची नवार घट्ट केली. फुलाबाईला खाली वाकून मिरचीचा पाट साफ करताना तुझ्या खोलीची खिडकी दिसते, हे मला काल कळले. तिनेच हाक मारून सांगितले : "गुरुजी, खिडकी उघडली जणू! येनार का पोरगा?"

आज सकाळी मी नकार कळवला. गुरुवार फुलाबाईच्या मिरचीला उसनाच जाईल. कंपनी आता दुसरीकडे जागा पाहणार आहे. गुरुवारची पाळी पुढे तुझ्याच वाट्याची. तुला विचारणे माझे कर्तव्य होते. विचारले नाही, कारण तू 'देऊन टाका, मी येतो' म्हणाला असतास, तर माझ्याच्याने नकार देववला नसता. आणि 'मी येणार नाही' म्हणाला असतास, तर खाट पुन्हा माळ्यावर चढवावी लागली असती. तुझे काम गावापर्यंत चालत आले होते, ते मी परत पाठवले, हे तुला माझ्याच अक्षरात कळावे म्हणून हे पत्र. आता तुला बोलावण्यास माझ्यापाशी एकही सबळ कारण उरलेले नाही. तेव्हा विनाकारण ये. उत्तर लिहिलेस, तर तू लिहिशील तसेच ते जपून ठेवीन. खाट खालीच आहे. गुरुवारी आलास, तर पाट वाहता असेल.

तुझाच,
तात्या