चकतीतला ओलावा

अण्णा, तुमच्या नातीने काल एक औषध नापास होता होता वाचवले. त्यात तुमचाही हात आहे, म्हणून तुम्हाला सांगणे भाग आहे.

तुम्ही गेल्यावर जन्मलेली ही मुलगी एम.एस्सी. होऊन अंबरनाथच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत लागली आहे. अजून कायम झालेली नाही. परवा संध्याकाळी बदलापूरच्या घरी जेवणाच्या टेबलावर ती आलेख पसरून बसली होती. डायझेपाम, म्हणजे मन शांत करून झोप आणणारे औषध. कारखान्यात बनलेला माल तोच आहे का, हे तिला ठरवायचे होते. मी विचारले, "रेणू दिसत नाही, मग ओळखता कसा?"

"त्याच्यावर किरण सोडायचे, बाबा. तो कुठले गिळतो त्यावरून कोण कुणाला जोडलंय ते कळतं."

मग एका आलेखावरचे हायड्रोजन तिने मला मोजून दाखवले: तीन, दोन आणि आठ. सूत्रात तेरा. ताळा जुळला! वाणिज्य शाखेच्या माणसाला याहून सुंदर काय दाखवणार? पण अवरक्त किरणांच्या आलेखात, जिथे सपाट रेघ हवी, तिथे एक पसरट दरी होती.

"हा नको असलेला हायड्रोजन वाटतोय. म्हणजे औषध अर्धवट बनलंय. पण मी बॅच नापास केली आणि माझंच चुकलं असलं, तर मी घरी."

मला एकदम तुमची मोरिवलीची प्रयोगशाळा दिसू लागली. उल्हासनगरच्या कॉलेजातून सुटून मी तुमचा विसरलेला डबा घेऊन आलो आहे. हवा दमट. दिव्याखाली तुम्ही मिठासारखी पांढरी पूड खलत आहात. तिच्यात औषध मिसळून, तेच अवरक्त किरण आरपार जावेत म्हणून, काचेसारखी चकती दाबायची आहे. मी वाकून "अण्णा" म्हणतो आणि तुम्ही खेकसता, "अरे, तोंड तिकडे कर! श्वासातलं पाणी पिते ती. मग यंत्र औषध सोडून तुझंच वर्णन करील!"

मी हे गंमत म्हणून सांगितले. ती मात्र हसली नाही.

"बाबा, आमची त्या पुडीची बाटली तर दिवसभर उघडीच असते. मी पूड वाळवलीच नाही! ती दरी पाण्यातल्या हायड्रोजनची असेल!"

काल तिने पूड भट्टीत वाळवून नवी चकती केली. दरी नाहीशी झाली, माल पास झाला. साहेबांनी विचारले, "हे कुणी शिकवलं?" म्हणाली, "आजोबांनी."

हे पत्र टाकण्याचा प्रश्नच नाही, म्हणून निःसंकोच लिहितो. तिने माझे नाव घेतले नाही. मला, अण्णा, तुमचा किंचित हेवा वाटला.