माझ्या नावाचा घास

६ जानेवारी

आलो एकदाचे कोल्हापुरात. लातूरहून आलेल्या टेम्पोतलं सगळं सामान शाबूत पोहोचलं. फक्त लोणच्याची बरणी फुटली आणि शिवकुमारच्या ऑफिसच्या शर्टांना कैरीचा वास लागला. त्याची नवी नोकरी शिरोलीच्या फाउंड्रीत. घर मात्र कळंब्यात, कारण गच्चीतून तळं दिसतं आणि मी तिथेच हटून बसले. वरचा मजला आमचा, खाली घरमालकीणबाई एकट्या. आक्काताई हे त्यांचं नावच. वय साठीचं, अंगकाठी वाळक्या शेंगेसारखी, आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. फाटकातूनच म्हणाल्या, "या पावणं, जेवलासा काय?" इथल्या बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. मला फार गंमत वाटली.

मला सहावा आठवडा लागलाय. शिवकुमार आणि सासूबाई सोडून कुणाला सांगितलेलं नाही. पण आक्काताईंनी मला जिना चढताना एकदाच पाहिलं आणि बादली हातातून काढून घेतली. म्हणाल्या, दोघांचं वझं घेऊन बादली कशाला उचलतीस.

११ जानेवारी

तीन दिवस नुसत्या उलट्या. जवळच कुठेतरी गुऱ्हाळ चालू आहे. काकवीचा गोड, जड वास दुपारी खिडकीतून आत येतो आणि मी मोरीकडे धावते.

आज डॉ. राजनंदिनींकडे जाऊन आलो. शांत बाई आहेत. त्यांनी मळमळीच्या गोळ्या दिल्या. ही गोळी जुनी आहे, गरोदरपणात दिली जाते, फार तर झोप येईल, असं समजावलं. आत्ता पाणी पोटात टिकतंय, तेव्हा घ्यायची की थांबायचं हे तुम्ही ठरवा, पण वजन उतरायला लागलं तर वाट पाहू नका, असंही म्हणाल्या. काय खाल्लं, किती वेळा उलटी झाली, हे लिहून ठेवायला सांगितलं. रोजनिशी आहेच.

रिक्षात शिवकुमार मोबाईलवर वाचत बसला आणि वाचता वाचता घाबरला. सासूबाई फोनवर म्हणाल्या, मी पाच महिने ओकले, एक गोळी घेतली नाही, हा बघ कसा धडधाकट आहे. आक्काताईंना पाकीट दिसलंच. "ओकारी हाय म्हंजे पोर धरून बसलंय. गोळी घालून त्येचा हात कशाला सोडवतीस?"

पाकीट फ्रिजवर ठेवलंय. उद्या बघू.

१५ जानेवारी

आज चार उलट्या. दोन घोट लिंबूपाणी टिकलं.

आक्काताईंनी विचारलं, डोहाळे काय लागलेत? मी म्हटलं, खर्डा आणि गरम भाकरी, पण खाऊन काय उपयोग, बाहेरच येणार. त्या म्हणाल्या, डोहाळं मागं ठिवायचं न्हाईत, पोराचं कान फुटत्यात. त्यांच्याकडे म्हणे यावर जुनी रीत आहे. पोटुशीच्या अंगी अन्न लागत नसेल तर घरातल्या दुसऱ्या बाईनं तिच्या नावानं खायचं.

तासाभरात भाकरी घेऊन वर आल्या. पहिला घास माझ्या ओठांना लावला आणि म्हणाल्या, म्हण, माझ्या वाटचं तुम्ही खा. मला हसू आलं. म्हटलं मी. त्यांनी तोच घास तोंडात घातला, मग तिथेच उभ्या उभ्या तीन भाकऱ्या संपवल्या. मला लगेच उलटी झाली, पण नंतर बरं वाटलं.

रात्री शिवकुमारला सांगितलं. तो म्हणाला, भारीच की, तुझ्याऐवजी जेवायलाही माणूस मिळालं.

२० जानेवारी

वजन चौपन्नवरून साडेएक्कावन्न. सात उलट्या.

आक्काताई आता दिवसातून तीनदा येतात. आंबोळी, दहीभात, चिंचेचं सार. दर वेळी ओठांना घास लावतात, दर वेळी म्हणायला लावतात. मला आता हसू येत नाही. त्यांचे गाल भरलेत. हातातल्या सैल बांगड्या घट्ट बसल्यात.

आज मी काहीच सांगितलं नव्हतं. मनात फक्त आलं होतं, ताकातली मेथीची भाजी, आई करायची तशी. दहा मिनिटांत दार वाजलं. ताटलीत तीच होती.

२३ जानेवारी

दवाखाना. सोनोग्राफीत ठोके दिसले. एवढासा लुकलुकणारा ठिपका. मी रडले.

लघवीत किटोन निघाले, म्हणजे अंग उपाशी पडलंय. डॉक्टर या वेळी स्पष्ट बोलल्या. गोळीपेक्षा या उपासमारीची मला जास्त काळजी वाटते, आजपासून गोळी घ्या, नाहीतर सलाईनला दाखल व्हा. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

घरी आलो तर आक्काताई जिन्यावर बसलेल्या. मी न सांगताच त्यांना कळलं होतं. माझे हात धरून रडायला लागल्या. आधीच्या भाडेकरू पोरीनं असंच ऐकलं नाही, म्हणाल्या. "गोळी गिळली आन् माझं गेलं बघ."

मी विचारलं, तुमचं? त्यांनी पदरानं तोंड पुसलं. तिचं गं, तिचं, म्हणाल्या.

गोळी घेतली नाही. मला ठाऊक आहे, डॉक्टर बरोबर आहेत. पण उद्या काही वाईट झालं, तर ते कशानंही झालेलं असो, मला आठवणार ती गोळीच.

२६ जानेवारी

इथे आज कोपऱ्याकोपऱ्यावर जिलेबीचे मांडव. शिवकुमार गरम अर्धा किलो घेऊन आला. मला खावीशी वाटली. खरोखर वाटली. दार लावून मी कुणालाही न सांगता अर्धं वेटोळं खाल्लं. टिकलं. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं टिकलं.

मग खालून आक्काताईंची किंकाळी. शिवकुमार धावत गेला. त्या पोट धरून जमिनीवर बसल्या होत्या. त्याला म्हणाल्या, तिला इचार, मला सोडून काय खाल्लं तिनं.

तो वर येऊन म्हणाला, एकट्या बाई आहेत, जीव लावलाय तुझ्यावर, सांगून खायला काय होतं?

मी मोरीत सगळं ओकले. खालचा आवाज थांबला.

२८ जानेवारी

एकोणपन्नास किलो.

दार उघडलं नाही. आक्काताई दाराबाहेर बसूनच जेवल्या. चावण्याचा आवाज — मचमच — आणि मधूनच माझं नाव. सौंदर्याच्या नावानं. सौंदर्याच्या नावानं. आता मी म्हणायची गरज राहिलेली नाही.

फटीतून पाहिलं. त्या नेसतात ते लुगडं आता पोटाच्या वर बांधतात. पोट गोल आहे. त्यावर हात फिरवत होत्या, मी फिरवते तसा.

शिवकुमारला सगळं सांगितलं. त्यानं माझं कपाळ चाचपलं. मग म्हणाला, अशक्तपणानं होतं असं, उद्या दाखल करतो तुला.

२९ जानेवारी, सकाळ

दहा वाजलेत. शिवकुमार अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोनला येतोय. तोवर थांबायचं नाही. ठरलं. चूक झाली तर माझी होऊ दे. पाकीट फोडलं. गोळी हातात आहे. पाण्याचा पेला भरला —

काकवीचा वास येतोय आणि मळमळत नाहीये.

गोळी अजून घेतलेली नाही. तरी मळमळत नाहीये.

भूक लागलीय. शिळी पोळी खाल्ली. आणखी एक. कालचा भात. काही होत नाही, काहीच — तीन आठवड्यांत पहिल्यांदा अंग इतकं हलकं — दिवस गेल्यापासून छाती दुखायची, तीही दुखत नाही —

इतकं हलकं का

खाली कुणीतरी ओकतंय.

परत. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज. आक्काताई हसतायत. ओकता ओकता हसतायत. मला हाका मारतायत, सौंदर्या, अगं ए सौंदर्या, माझ्या नावानं तू दोन घास खा की —

पोटावर हात ठेवलाय. गोळी याच हातात —