पुढून उतरती खुर्ची आणि इतर मिळकत

मी, मुंजाजी किशनराव गरुड, वय वर्षे छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसाय : पूर्वी लोकांना प्रश्न विचारणे, पुढे प्रश्न विचारणाऱ्यांवर देखरेख करणे, सध्या सेवानिवृत्त, राहणार बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीवरून कोणी कोणाच्या अंगावर जाऊ नये आणि जायचेच असल्यास निदान कारण स्पष्ट असावे, या हेतूने हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाविषयी परभणीच्या डॉक्टरांचे मत प्रतिकूल आहे. तथापि मृत्युपत्रासाठी कायद्याने हृदयाची अट घातलेली नाही. मजवर कोणाचा दाब नाही. सौ. सुलाबाई दारातून दोनदा डोकावल्या, तो दाब समजू नये.

कलम १. मला पत्नी सौ. सुलाबाई, विवाहित कन्या चि. सौ. पंचफुला आणि एक धाकटा बंधू आहे. बंधूचे नाव भुजंग. आडनाव गरुड असलेल्या घरात धाकट्याचे नाव भुजंग ठेवताना आमच्या वडिलांनी पुढचा विचार केला नव्हता.

कलम २. बोरी येथील घराचा पूर्वेकडील अर्धा भाग माझा आहे. तो सुलाबाईंच्या हयातीपर्यंत त्यांचा व नंतर पंचफुलाचा राहील. अंगणाच्या मधोमध जी भिंत आहे ती भुजंगने बांधली, तिच्यावर माझा हक्क नाही व मला तो नकोही आहे. भिंतीत एक आरपार दिवळी मात्र त्याने ठेवली आहे. तिच्यातून दोन्ही घरांत विरजण जाते-येते. ती कोणत्याही कारणास्तव बुजवू नये.

कलम ३. भविष्यनिर्वाह निधी व बँकेतील ठेवी सुलाबाईंच्या. त्यांनी त्यातून सासरच्या वा माहेरच्या कोणासही लग्नासाठी उसने देऊ नये. त्या देतील, हे मला ठाऊक आहे. कलम तरीही राहू द्यावे. नाही म्हणताना दाखवायला उपयोगी पडेल.

कलम ४. माझा दूरचित्रवाणी संच शेजारच्या कडूबाई यांस द्यावा. मी निवृत्त होऊन तो मुंबईहून आणला, छपरावर उंच सळई उभारली आणि गाव जमवून बटण दाबले. मुंबईच्या लहरी परभणी जिल्ह्यात पोहोचत नाहीत हे मला अधिकारी या नात्याने पूर्ण माहीत होते, तरी आशा होती. पडद्यावर फक्त मुंग्या दिसल्या. कडूबाईंनी बराच वेळ पाहून विचारले, "ह्याच्यात तुमी कोंचे?" तेव्हापासून संचावर त्यांची पापडाची परात वाळते. वहिवाट त्यांचीच आहे, मालकीही त्यांची व्हावी.

कलम ५. दोन कोट व टाय गावच्या नाटकमंडळीस, खलनायकाच्या कामासाठी. नायकाला ते घालू नयेत, सैल होतात.

कलम ६. शिसवी खुर्ची, नग एक. ही माझ्या मिळकतीतील सर्वांत मोलाची वस्तू असल्याने तिची हकीकत देणे भाग आहे.

हैदराबादेत पदवी घेतल्यावर मी काही काळ कापसाच्या एका जिनिंगचे हिशेब लिहिले, मग रेडिओवर निवेदक झालो, आणि मुंबईत दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा मला तिकडे घेतले गेले. वरिष्ठांनी सुचवले की पडद्यावर 'एम. के. गरुड' बरे दिसेल. मी कळवले की माझे नाव पारावरच्या मुंजाला नवस बोलून ठेवलेले आहे, ते बदलल्यास पीडा होण्याचा संभव आहे व ती कोणास होईल हे सांगता येत नाही. नाव राहिले. 'दोन खुर्च्या' हा मुलाखतींचा कार्यक्रम मी चालवला. पाहुण्याच्या खुर्चीचे पुढचे दोन पाय मी केंद्राच्या सुतारमिस्त्रीकडून अर्ध्या बोटाने कमी करून घेतले होते. वरवर काही दिसत नसे. परंतु बसणारा हळूहळू पुढे घसरे, त्यास पाय रोवून बसावे लागे, आणि मागे रेलता न आल्यामुळे पाठ केलेली उत्तरे त्यास आठवत नसत. मग मी एक साधा प्रश्न विचारून गप्प बसे. घसरणारा माणूस शांतता फार वेळ सोसू शकत नाही. तो खरे बोलतो. माझी सारी विद्या एवढीच.

१९७४ साली या खुर्चीत माझा बंधू भुजंग बसला. येलदरी धरणावरील आमच्या भागातील मच्छीमार सहकारी संस्थेचा तो अध्यक्ष होता आणि संस्थेस उत्तम कामगिरीचे बक्षीस मिळाले होते. भुजंग लहानपणापासून माळकरी आहे. मी त्यास विचारले, "भुजंगराव, आपल्या धरणातला कोणता मासा चवीला चांगला?" आणि थांबलो. तो घसरला, पाय रोवले, पुन्हा घसरला आणि म्हणाला, "खरं सांगू का दादा, मला वासबी सहन व्हत न्हाई. मी धरणाकडं कवा गेलोच न्हाई. लांबूनच सही करतो."

परभणीत हे कोणास दिसण्याचे कारण नव्हते. परंतु चारठाण्याचे एक गृहस्थ तेव्हा मुंबईत मुलीकडे गेले होते. त्यांनी परत येताना जिंतूरच्या एसटीत तो प्रसंग नाक दाबून, अभिनयासह सादर केला. पुढच्या निवडणुकीत सभासदांनी आमचे चुलतबंधू दत्तराव यांस अध्यक्ष केले. दत्तराव मासे खातात. त्याखेरीज त्यांची दुसरी पात्रता माझ्या ऐकिवात नाही.

त्याच सुमारास मला अधिकारीपदावर बढती मिळाली. भुजंगची समजूत अशी की त्याला पाडल्याबद्दल मला ते बक्षीस मिळाले. त्याने भिंत बांधली व माझ्याशी बोलणे सोडले. जे काही सांगायचे ते तो दिवळीतून सुलाबाईंना सांगतो : "वैनी, त्यान्ला म्हणावं, तुमचं वासरू आमच्या कडब्यात शिरलंय." मी समोर उभा असतानाही.

म्हणून येथे नोंदवतो. ज्यांनी संस्थेस बक्षीस दिले होते त्यांना त्या उत्तराचे हसू आले नाही. 'दोन खुर्च्या' बंद झाला. मला मोठे दालन, दोन टेलिफोन आणि पडद्यावर न दिसण्याचे काम देण्यात आले. माणसास गप्प करण्याची ती सभ्य पद्धत होती. मी प्रश्न मागे घेतला असता तर कार्यक्रम वाचला असता. प्रश्न योग्य होता व उत्तर त्याहून योग्य होते. त्या खुर्चीत इतके थोर लोक बसले, पण तितके स्वच्छ उत्तर मला कोणी दिले नाही. ते मी मागे घेणार नव्हतो व आजही घेत नाही.

दालनात ती खुर्ची मी भेटीस येणाऱ्यांसाठी ठेवली. पुतण्यांना गायनाची संधी मागणारे काके त्यामुळे लवकर उठत. पुढे ती निर्लेखित सामानात निघाली तेव्हा लिलावात मीच घेतली.

सदर खुर्ची वर उल्लेखिलेले दत्तराव यांस द्यावी. त्यांस खुर्च्यांची आवड आहे.

कलम ७. बंधू भुजंग यास काहीही देऊ नये. यात राग नाही. ज्यास मृत्युपत्रातून लाभ होतो त्याने साक्षीदार असू नये, असा आमच्याकडील वकिलांचा दंडक आहे, आणि या दस्तावर मला त्याची साक्ष हवी आहे.

कलम ८. माझ्या अंत्यविधीस भाषणे करू नयेत. कोणास राहवलेच नाही, तर त्याने एक प्रश्न विचारून खाली बसावे.

पुरवणी. वरील मजकूर आज सकाळी मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. पहिले साक्षीदार निवृत्त मुख्याध्यापक तात्याराव. दुसरा भुजंग, तात्यारावांनी बोलावले म्हणून तो आला. ओसरीत बसण्यास एकच जागा शिल्लक ठेवली होती, ती कलम सहातील खुर्ची. बाकीच्या खुर्च्या सुलाबाईंनी ऊन दाखवण्यासाठी अंगणात नेल्या होत्या. भुजंगने त्या खुर्चीकडे पाहिले, सुलाबाईंकडे पाहिले आणि बसला. कलम सात वाचून झाल्यावर मी लेखणी त्याच्यापुढे धरली आणि थांबलो.

तो घसरला. पाय रोवले. तात्याराव काही बोलू लागले, त्यांना मी हाताने थांबवले.

"वैनी, त्यान्ला इचारा," भुजंग म्हणाला, "ही खुर्ची त्या दत्तरावला कामून द्यायलेत?"

सुलाबाई म्हणाल्या, "भावजी, माझ्या हातात दूध हाय. तुमीच इचारा."

तो पुन्हा घसरला. "दादा, कामून द्यायलाव? पडलो मी ह्या खुर्चीतून. दत्तरावचा काय संबंध?"

मी म्हणालो, "तुला हवी का?"

"ते मागून सांगतो. आधी हे सांगा, तुमचा कारेक्रम बंद पडला, हे तवाच का न्हाई सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस."

"मी कशाला इचारू? इचारायचं काम तुमचं व्हतं."

यावर पुढचा प्रश्न मला सुचला नाही. नोकरीत असे कधी घडले नव्हते. सुलाबाईंनी चहात साखर दुसऱ्यांदा घातली.

सबब कलम सहाची शेवटची दोन वाक्ये व कलम सात रद्द करण्यात येत आहेत. खुर्ची भुजंगची. पुढचे पाय सारखे करून मिळावेत अशी त्याने मागणी केली, ती फेटाळली. "मग राहू द्या तशीच," तो म्हणाला, "दत्तराव आला की ह्याच्यावरच बसवतो."

आता भुजंग लाभार्थी झाल्यामुळे त्याची साक्ष चालणार नाही. दुसरे साक्षीदार म्हणून पोस्टमास्तर व्यंकटराव सही करीत आहेत. त्यांना मी कालच चहाला येण्यास सांगून ठेवले होते. भुजंगच्या हे आता लक्षात आले असून तो माझ्याकडे पाहत आहे. बोलत मात्र आहे.

साक्षीदार
१. तात्याराव लिंबाजी कदम, निवृत्त मुख्याध्यापक, बोरी (सही)
२. व्यंकटराव नारायणराव जोशी, पोस्टमास्तर, बोरी (सही)

हे मृत्युपत्र पुरवणीसह मी पूर्ण वाचले, मला मान्य आहे, व दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

(सही) मुंजाजी किशनराव गरुड
मुक्काम बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी
दिनांक ११ फेब्रुवारी १९७९